दुसऱ्या बोटीतली तिसरी

१

हरिणीला जाऊन सेहेचाळीस दिवस झाले होते, आणि सत्तेचाळिसाव्या दिवशी टपालानं कागद आला की ती खोटारडी होती.

शब्द अगदी तसे नव्हते. डायव्हिंग क्लबाच्या अहवालात शेवटच्या परिच्छेदात एवढंच लिहिलं होतं: ‘दिवंगत सदस्येने आपल्या अनुभवाबाबत चुकीची माहिती दिल्याने तिची निवड अवघड जागेसाठी झाली.’ खाली शिक्का होता, सही होती, आणि सहानुभूतीच्या दोन ओळी.

अनंतरावांनी कागद दोनदा वाचला आणि तसाच टीपॉयवर ठेवला. चेन्नईतल्या अण्णा नगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. समोर हरिणीचे वडील, दत्ताजी बसले होते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला हा माणूस आता शर्टाचं बटण लावायचंही विसरत होता.

“अस्कं वाचलंत?” दत्ताजींनी विचारलं. ‘सगळं’ला ‘अस्कं’ म्हणणारी तंजावूरची जुनी मराठी त्यांच्या तोंडी अजून तशीच होती.

“वाचलं.”

“पोर पाण्यात गेली, ते मी सोसीन. पण तिनं लबाडी केली म्हणतात. अनंतराव, तुम्ही रेल्वेत उभा जन्म हेच केलंत. अपघात झाला की कोण चुकला ते शोधायचं. माझ्यासाठी एकदा शोधा.”

अनंतराव तांबरमला राहायचे. रेल्वेच्या अपघात चौकशी विभागातून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. समुद्राशी त्यांचा संबंध संध्याकाळी किनाऱ्यावर बसण्यापुरता. अंदमानच्या एका बेटावर, तीस मीटर पाण्याखाली काय घडलं ते तांबरमच्या म्हाताऱ्यानं कसं शोधायचं? नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून राजसबाई आल्या. त्या अनंतरावांच्या मामेबहीण, हरिणीची आई. त्यांच्या हातात एक निळी बॅग होती. बेटावरून परत आली तशीच, कुलूपबंद.

“अण्णा, ही कोणी उघडली नाही,” त्या म्हणाल्या. “मज धीर झाला नाही. तुम्ही उघडा.”

कुलूप लहानसं होतं. बॅगेत कपडे होते, मिठाचा वास होता, आणि तळाशी एका पिशवीत एक पातळ वही होती. पाण्याखाली जाणारा प्रत्येक माणूस अशी वही ठेवतो, हे अनंतरावांना अहवालावरून कळलं होतं. प्रत्येक डाइव्हची तारीख, जागा, खोली, आणि सोबतच्या प्रशिक्षकाची सही.

हरिणीच्या वहीत सहा नोंदी होत्या. चार पुदुच्चेरीच्या, ऑक्टोबर २०२३ मधल्या, ती शिकली तेव्हाच्या. पुढच्या दोन २०२५ च्या जानेवारीतल्या. सातवं पान कोरं होतं.

अनंतरावांनी अहवाल पुन्हा उचलला. ‘सादर केलेल्या नोंदवहीनुसार एकूण डाइव्ह: सव्वीस.’

“राजसा,” ते सावकाश म्हणाले, “तिची वही तर इथं आहे. मग क्लबानं कुठली वही पाहिली?”

२

क्लबाचं ऑफिस अण्णा नगरातच, एका दवाखान्याच्या वर होतं. क्लब चालवणारा रघु पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, मोजकं बोलणारा होता. टेबलाशी बसणारी सुष्मिता सहलींची व्यवस्था बघायची. बेटावरही ती गेली होती.

“सार, आम्हालाही दुःख आहे,” रघु तमिळमध्ये म्हणाला. “पण मी जागा वाटताना नियम मोडत नाही. हे बघा.”

भिंतीवर बेटाचा नकाशा होता आणि त्यावर तीन रंगीत ठिपके. ठिपक्यांची इंग्रजी नावं अनंतरावांच्या लक्षात राहिनात, म्हणून त्यांनी आपलीच नावं ठेवली आणि पुढे सगळ्यांशी बोलताना तीच वापरली. हिरव्या ठिपक्याला पाळणा: खडकांच्या कुशीतलं उथळ पाणी, सहा-सात मीटर, तळाला वाळू, नवशिक्यांसाठी. पिवळ्याला ओसरी: पोवळ्यांचा उतार, फार तर सोळा मीटर; दहा डाइव्ह झालेल्यांसाठी. लाल ठिपका किनाऱ्यापासून दूर एकटाच होता. तो सुळका.

“समुद्राच्या तळातून उठलेला एक खडक,” रघु म्हणाला. “त्याचा माथाच सोळा मीटरवर. चारी बाजूंनी पाणी खोल जातं. आणि एका बाजूला, भरतीच्या वेळी, प्रवाह खाली वळतो. धबधब्यासारखा. माणूस हातपाय मारतो आणि तरी खाली जात राहतो. वीस डाइव्हच्या आतल्या कोणाला मी तिथं पाठवत नाही.”

“आणि हरिणीला पाठवलंत.”

“तिच्या वहीत सव्वीस होत्या.”

सुष्मितानं कपाटातून वही काढून दिली. क्लबातच विकत मिळणारी, नवी कोरी दिसणारी. आत अक्षर इंग्रजी मोठ्या लिपीतलं, छापल्यासारखं. असं अक्षर कोणाचंही असू शकतं. पहिल्या चार नोंदी पुदुच्चेरीच्या. पुढच्या बावीस सगळ्या चेन्नईजवळच्या कोवळमच्या, पहिली ४ डिसेंबर २०२३ ची. प्रत्येक नोंदीखाली प्रशिक्षकाची वळणदार सही आणि तिच्याखाली त्याचं नाव: कार्तिक.

“हा कोण?”

“कोवळमला शिकवायचा. आमच्याकडेही यायचा. वर्षापूर्वी मालदीवला गेला. त्या भिंतीवरच्या फोटोखाली नाव आहे बघा.”

अनंतरावांनी पाहिलं. फोटोखाली पितळी पट्टीवर इंग्रजीत नाव होतं. ते वाचून त्यांनी हातातल्या वहीकडे पाहिलं, पुन्हा पट्टीकडे पाहिलं.

“ही वही तुमच्या हातात कोणी दिली?”

“कोणीच नाही, सार,” सुष्मिता म्हणाली. “जानेवारीतल्या एका शनिवारी सगळे फोटो बघायला जमले होते. ते गेल्यावर माझ्या टेबलावर वह्या आणि फॉर्म पडले होते. त्यात ही होती.”

“सुळक्यावर कोण कोण गेलं?”

“बेटावरचा गाइड. मंदार, तनया आणि हरिणी,” रघु म्हणाला. “मी नवशिक्यांना घेऊन पाळण्यावर होतो. दुसऱ्या बोटीत मी नव्हतो.”

हे शेवटचं वाक्य त्यानं न विचारता सांगितलं.

अनंतरावांनी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो घेतले आणि ते निघाले. जिन्याच्या वळणावर मागून पावलं आली. सुष्मिता होती. तिनं एकदा वर पाहिलं.

“सार, माझं नाव सांगू नका. त्या दिवशी नाश्त्याच्या वेळी हरिणी रघु सारांकडे गेली होती. काहीतरी विचारत होती. सार हसले. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा बरा नव्हता. अहवालात यातलं काहीच नाही.”

३

राजसबाईंना इंग्रजी वाचता यायचं, पण सावकाश. अनंतरावांनी फोनवरचा पहिला फोटो त्यांच्यापुढे धरला तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“हे तिचं अक्षर नव्हे.”

“मोठ्या लिपीत कोणाचंही असंच दिसतं, राजसा.”

“अक्षर सोडा. ही तारीख.” त्यांनी बोट टेकलं. “डिसेंबरची चार. त्या वर्षीची.”

“काय त्या दिवशी?”

राजसबाईंनी भावाकडे पाहिलं, हा माणूस विसरला तरी कसा अशा नजरेनं. “मिचाँग वादळ, अण्णा. तुम्ही तांबरमला गच्चीवर नव्हतात का बसलात? विमानतळ बुडालं होतं. इथं खाली कंबरभर पाणी होतं. तीन दिवस दिवे नाहीत. हरिणी ह्या खिडकीत बसून खालच्या गाड्या मोजत होती, किती बुडल्या म्हणून. आणि हे म्हणतात ती समुद्रात पोहायला गेली होती.”

अनंतराव खिडकीकडे वळले. त्यांना आठवलं. गच्ची, बिस्किटांचे पुडे, सैनिकांच्या होड्या. त्या दिवशी कोवळमला बोट सोडणं सोडाच, किनाऱ्यावर उभं राहणंही शक्य नव्हतं.

तारखेसमोर वहीत लिहिलं होतं: ‘पाणी शांत. पंधरा मीटरपर्यंत स्वच्छ दिसत होतं.’

“लिहिणाऱ्याचा हात कसा अडखळला नाही,” राजसबाई म्हणाल्या, “ही तारीख लिहिताना?”

त्याच दुपारी मालदीवहून कार्तिकचा फोन आला. अनंतरावांनी त्याला पानं पाठवली होती. “सार, मी हरिणी नावाच्या कोणालाही कधी शिकवलं नाही. ही माझी सही नाही. आणि डिसेंबरात कोवळमला पंधरा मीटर? आमच्याकडचा पावसाळा असतो तो, तेव्हा तिथं स्वतःचा हात दिसत नाही. असं पाणी अंदमानला असतं.”

म्हणजे वही खोटी होती. हरिणीनं ती लिहिली नव्हती, कारण त्या दिवशी आपण कुठं होतो हे हरिणी जन्मात विसरली नसती. दुसऱ्याच कोणीतरी बसून, शांतपणे, पान उलटत, बावीस वेळा त्या मुलीला पाण्यात उतरवलं होतं. आणि मग एकदा खरोखर.

४

रेल्वेत असताना अनंतरावांची एक रीत होती. प्रत्येकाकडून जबाब त्याच्याच हातानं, इंग्रजीत लिहून घ्यायचा: नाव, पत्ता, इथं कधीपासून, त्या दिवशी काय झालं, कोणाकोणाला ओळखता. माणूस तोंडानं सावध असतो. लिहिताना त्याचं लक्ष मजकुरावर असतं आणि बाकीचं सुटतं.

तनया एका आयटी कंपनीत होती, मूळची कोल्हापूरची. अण्णा नगर टॉवरच्या बागेत एका बाकावर ती त्यांना भेटली.

“मी हरिणीला जेमतेम दोनदा भेटले होते, काका. यादीत तिचं नाव होतं, म्हणजे तिला येत असणार, एवढंच मला वाटलं.” ती नखानं बाकाचा रंग खरवडत होती. “पाण्यात गाइड पुढे, त्याच्यामागे मी. मागे मंदार आणि हरिणी, ती दोघं जोडीला. सुळक्याला वळसा घालून मागे पाहिलं तर मंदारचा कॅमेरा दिसला, मंदार दिसला. ती नव्हती. गाइड वळला आणि सरळ खाली गेला. मी वर आले. मला दुसरं काही करता आलं नाही.”

“चेन्नईत कधीपासून?”

“२०२२ पासून. वेळाचेरीला पीजीत होते. वादळात आम्हाला होडीतून बाहेर काढलं. त्यानंतर इकडे राहायला आले.”

तिनं जबाब लिहून दिला. अनंतरावांनी तो वाचला, एका शब्दापाशी थांबले, आणि घडी करून खिशात ठेवला.

मंदार त्यांना तांबरमला, स्टेशनसमोरच्या हॉटेलात भेटला. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता, पुण्याचा, तिशीचा, नीटनेटका. कॉफी येईपर्यंत त्यानं अनंतरावांना तीनदा ‘सर’ म्हटलं. बोलताना त्याचे डोळे मात्र टेबलावरून हलले नाहीत.

“फार वाईट झालं, सर. माझ्याशी ती मराठीत बोलायची. तिची ती जुनी मराठी ऐकून मला हसू यायचं, आणि मी हसलो की तिलाही हसू यायचं.”

“पाण्यात ती तुमच्या जोडीला होती.”

“मी फोटो घेत होतो. चंदेरी माशांचा मोठा थवा आला होता, भिंतच्या भिंत. अर्धं मिनिट असेल. वळून पाहिलं तर ती खाली होती, आणि आणखी खाली जात होती. मी गेलो असतो तर मीही…” त्यानं वाक्य सोडून दिलं.

“सुळक्यावर यायला ती तयार होती?”

“तयार? तीच मागे लागली होती. तिला तिथं यायचंच होतं.”

“चेन्नईत कधी आलात?”

“२०२४ च्या जुलैत. त्याआधी पुण्यातच होतो. सुट्टीत अंदमानला यायचो, डायव्हिंग तिथंच शिकलो.”

त्यानं जबाब लिहिला. अक्षर सुंदर होतं. अनंतरावांनी हा जबाबही वाचला, आणि पुन्हा त्याच शब्दापाशी थांबले.

घरी जाताना त्यांच्या मनात मासे नव्हते, सुळकाही नव्हता. एकच वाक्य होतं. तीच मागे लागली होती. मग नाश्त्याच्या वेळी ती रघुला काय विचारत होती?

५

“कोणी सांगितलं तुम्हाला?” रघु म्हणाला.

“ते सोडा. ती आली होती का नाही?”

ऑफिसात दोघंच होते. रघु उठून नकाशासमोर उभा राहिला, अनंतरावांकडे पाठ करून. 

“आली होती. म्हणाली, सार, माझं नाव दुसऱ्या बोटीत कसं? मी म्हटलं, तुझ्या वहीत सव्वीस डाइव्ह आहेत, आता कशाला घाबरतेस? ती म्हणाली, इतक्या नाहीत. मी हसलो.” त्यानं नकाशाच्या काठावरून बोट फिरवलं. “मी म्हटलं, पाच-सहा इकडेतिकडे झाल्या तरी चालतं. नवशिके आपल्या डाइव्ह वाढवून सांगतात. ही कमी सांगतेय, म्हणजे विनय आहे, असं वाटलं मला. समोर वही होती ना. मी वहीवर विश्वास ठेवला, आणि समोर उभ्या असलेल्या मुलीवर नाही.”

“आणि अहवालात लिहिलंत की तिनं चुकीची माहिती दिली.”



अनंतरावांना राग आला होता, पण आयुष्यभराच्या सवयीनं त्यांनी तो बाजूला ठेवला. “आता एक सरळ सांगा. आमच्याकडे अपघात झाला की मी आधी एकच विचारायचो: गाडी सुटावी अशी घाई कोणाला होती? नियम कोणी उगीच मोडत नाही. हरिणी दुसऱ्या बोटीत गेल्यानं कोणाचं काय साधलं?”

“कोणाचं काय साधणार, सार?”

“ती नसती तर?”

रघु वळला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

“ती नसती तर,” तो म्हणाला, “दुसरी बोट सुटलीच नसती. सुळक्यावर तिघांपेक्षा कमी असले तर बेटावरचं केंद्र बोट सोडत नाही. आमच्याकडे त्या पातळीचे दोघंच होते.”

६

रविवारी सकाळी क्लबाच्या ऑफिसात सगळे जमले. रघु, सुष्मिता, तनया, मंदार. दत्ताजी आणि राजसबाई खिडकीजवळच्या खुर्च्यांवर बसले होते. अनंतरावांनीच त्यांना आणलं होतं. टेबलावर दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, एक खरी, एक खोटी.

“हरिणीनं काही खोटं सांगितलं नाही,” अनंतरावांनी सुरुवात केली. “तिची वही तिच्या बॅगेत होती. दुसरी वही तिच्या नावावर कोणीतरी तयार केली आणि त्या शनिवारी ह्या टेबलावर ठेवली. कोरी वही इथं कोणालाही मिळते. त्या शनिवारी इथं बरेच जण होते, पण दुसरी बोट सुटण्याशी संबंध होता तो तुम्हा चौघांचाच. म्हणजे तुमच्यापैकी एक.”



“आता वही काय सांगते ते बघू. लिहिणाऱ्यानं कार्तिकचं नाव बावीस वेळा लिहिलंय. त्या पितळी पट्टीवर ते कसं आहे? इंग्रजीत ‘टी’नंतर ‘एच’ आहे. तमिळ माणूस ‘त’ असाच लिहितो. शाळेपासून हाताला तीच सवय. खोट्या वहीत ‘एच’ नाही. एकदाही नाही. माझा मुलगा मुंबईत नोकरीला गेला तेव्हा तिथले लोक त्याच्या नावातला ‘एच’ असाच गाळायचे. म्हणून मला ते लगेच खुपलं. मी चौघांचे जबाब घेतले, कार्तिकला ओळखता का तेही लिहायला सांगितलं. रघु आणि सुष्मितानं ‘एच’ घातलाय. महाराष्ट्रातून आलेल्या दोघांनी नाही घातला.”

तनयानं झटकन वर पाहिलं. मंदार आपल्या हातांकडे बघत होता.

“म्हणजे दोघं उरले. आणि दोघांनाही ही बोट सुटायला हवी होती, कारण त्या पातळीचे तेच दोघं होते. आता तारीख. कोवळमची पहिली डाइव्ह ४ डिसेंबर २०२३. त्या दिवशी ह्या शहराचं काय झालं होतं ते इथल्या कोणालाही विचारा. सुष्मिता, तुम्ही कुठं होतात?”

“पल्लिकरणैला, सार. सासऱ्यांना खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेलं.”

“तनया?”

“वेळाचेरीला,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “होडीत.”

“त्या दिवशी जो इथं होता तो खोटी तारीख लिहिताना दुसरी कुठलीही लिहील, ही लिहिणार नाही. ही तारीख फक्त अशाच माणसाला साधी वाटेल जो तेव्हा इथं नव्हता. ज्यानं हरिणीच्या डायव्हिंग शिकल्याच्या कार्डावरची ऑक्टोबरची तारीख पाहिली, दोन महिने पुढे मोजले, आणि कॅलेंडरावर एक दिवस उचलला. ज्याला कोवळमचं पाणी कसं दिसतं हेही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं अंदमानचं पाणी लिहिलं.” अनंतराव थांबले. “तुम्ही पुण्यात होतात, मंदार.”

मंदारनं हसायचा प्रयत्न केला. “सर, ह्याला पुरावा म्हणायचं? एक अक्षर आणि एक तारीख?”

“नाही. न्यायालयात हे पुरणार नाही कदाचित. वहीवरचे ठसे पोलीस बघतील. रघुंनी बेटावरच्या ठाण्याला काल पत्र पाठवलंय. पण तुम्ही मला आणखी एक गोष्ट सांगितलीत. तीच मागे लागली होती म्हणालात. त्याच सकाळी ती रघुंकडे जाऊन म्हणाली होती की माझं नाव तिथं नको, माझ्या इतक्या डाइव्ह नाहीत. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

मंदारनं रघुकडे पाहिलं. रघुनं मान हलवली. नजर मात्र वळवली नाही.

७

मंदार बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा होता. ते ऐकताना तनया खुर्ची मागे सरकवून उभी राहिली.

तीनदा तो त्या बेटावर गेला होता. तिन्ही वेळा सुळक्याची बोट माणसांवाचून रद्द झाली होती. तो थवा वर्षातून थोडेच दिवस तिथं असतो, आणि त्याला तो फोटो हवा होता. ह्या वेळी दोघं होते, तिसरं कोणी नव्हतं. हरिणी त्याच्याशी मोकळेपणानं बोलायची, तो सांगेल ते ऐकायची. वही द्यायची गरज नाही, कार्डाची प्रत पुरे, मी देतो ऑफिसात, असं त्यानं तिला सांगितलं. तिनं प्रत दिली.

“तिला काही होईल असं मला वाटलंच नव्हतं,” तो म्हणाला. “गाइड होता, मी होतो. माथ्याजवळ थांबली असती तर सोळा मीटर. एवढं कोणीही करतं. मला फक्त बोट सुटायला हवी होती.”

“आणि नंतर?” रघुनं विचारलं. “मी तिला खोटारडी लिहिलं तेव्हा? तू तो अहवाल वाचलास. टंकलेखनाच्या चुकाही दुरुस्त करून दिल्यास.”



 दत्ताजी ज्या पोराकडे बघत होते ते पोर त्यांच्या वर्गातलं कुठलंही हुशार पोर असावं तसं होतं, हे अनंतरावांना त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रागावण्यासाठी जी ताकद लागते तीही त्यांच्याकडे उरली नव्हती.

राजसबाई उठल्या. पदर सारखा करून त्या मंदारसमोर येऊन उभ्या राहिल्या. बाई मारते की काय असं क्षणभर सगळ्यांना वाटलं.

“पाण्यात उतरायच्या आधी,” त्यांनी विचारलं, “ती काही बोलली का?”

मंदारनं ओठ घट्ट मिटले.

“बोलली असेल तर सांग. मज तेवढंच ऐकायचंय.”

“बोटीच्या काठावर बसलो होतो,” तो खाली बघत म्हणाला. “तिनं माझ्या दंडाला धरलं. म्हणाली, खरं सांग, खोल किती आहे?”

“मग?”

“मी म्हटलं, ओसरीइतकंच. म्हणजे… त्या पिवळ्या जागेइतकंच. म्हटलं, फार नाही.”

ओसरी हे नाव चौकशीत अनंतरावांनीच सगळ्यांच्या तोंडी घातलं होतं; आता मंदारच्या तोंडून ते ऐकताना त्यांना ते नाव ठेवल्याचीच लाज वाटली.

राजसबाईंनी मान डोलावली आणि त्या नवऱ्याकडे वळल्या.

“ऐकलंत? तिनं विचारलं होतं. सकाळी एकदा विचारलं आणि बोटीतही विचारलं. आपली पोर आंधळेपणानं नाही गेली.”

दत्ताजींनी दोन्ही तळहात चेहऱ्यावर घेतले. इतके दिवस त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं; नातेवाईक आपसात त्याबद्दल बोलायचे. आता त्यांचे खांदे हलत होते, आणि राजसबाई खुर्चीमागे उभ्या राहून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

सुष्मितानं जुना अहवाल फाइलमधून काढला आणि रघुपुढे ठेवला. रघुनं शेवटच्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि लिहिलं की त्या सकाळी ती माझ्याकडे आली होती आणि मी तिचं ऐकलं नाही. तेवढं एक वाक्य लिहायला त्याला पाच मिनिटं लागली.

अनंतरावांनी एक कोरा कागद मंदारपुढे सरकवला. “तुमचं तुम्ही लिहा. पहिल्यापासून.”

मंदारनं पेन घेतलं. सुंदर अक्षरात त्यानं पान भरलं: वही, तारखा, सह्या, शनिवार. बोट सुटली तिथपर्यंत येऊन तो थांबला, आणि पेनाला टोपण लावू लागला.

“अजून संपलं नाही,” अनंतराव म्हणाले. “तिनं काय विचारलं ते लिहा. आणि तुम्ही काय सांगितलंत तेही.”

मंदारनं टोपण पुन्हा काढलं.